‘हुशार’ की ‘ढ’? बुद्धीविषयीची समजूत आणि मुलांचे यश

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत शाळांचे अनेक प्रकार आहेत. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळा, शिक्षण संस्थांची माध्यमिक विद्यालये, आदिवासी विकास विभागाच्या निवासी आश्रमशाळा आणि बाजारपेठेच्या गावांतून वाढलेल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळा असे हे चित्र आहे. इमारती, माध्यम आणि शुल्क यांत कितीही अंतर असले तरी राज्यातील बहुतेक शाळांप्रमाणे येथेही एक गोष्ट समान आहे. वर्गातील मुलांची ‘हुशार’ आणि ‘ढ’ अशी वाटणी फार लवकर होते. ही वाटणी प्रथम मोठी माणसे करतात आणि पुढे मूल ती स्वतःच मान्य करते. आपल्या बुद्धीविषयी मुलाने करून घेतलेली ही समजूत त्याच्या प्रयत्नांवर आणि पर्यायाने त्याच्या यशावर कितपत परिणाम करते, याचा मानसशास्त्रज्ञ गेली काही दशके पद्धतशीर अभ्यास करीत आहेत.

दोन समजुती

या अभ्यासाशी सर्वाधिक जोडले गेलेले नाव म्हणजे अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक. त्यांचे ‘माइंडसेट’ हे पुस्तक २००६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि हा विषय विद्यापीठाबाहेर पोहोचला. त्यांच्या मांडणीनुसार बुद्धीविषयी मुलांच्या मनात ढोबळमानाने दोन प्रकारच्या समजुती असतात. बुद्धी जन्मतः ठरावीक मापाची मिळते आणि ती बदलत नाही, ही पहिली. तिला स्थिर समजूत म्हणता येईल. बुद्धी अभ्यासाने, योग्य पद्धतीने आणि इतरांच्या मदतीने वाढू शकते, ही दुसरी म्हणजे वर्धिष्णू समजूत.

दोन्ही समजुतींची मुले सोपा पेपर सारख्याच सहजतेने सोडवतात. फरक पडतो तो अडचण आल्यावर. स्थिर समजूत असलेल्या मुलाला कठीण गणित ही आपल्या बुद्धीची झडती वाटते. ते सुटले नाही तर निकाल लागला, असे ते धरून चालते. अशा मुलाच्या हिशेबात कष्ट करावे लागणे हाच बुद्धी कमी असल्याचा पुरावा ठरतो. ज्याला येते त्याला पाठांतर, सराव, शंका विचारणे यांची गरजच काय, असा त्याचा तर्क असतो. त्यामुळे नेमकी जेव्हा मेहनतीची गरज असते तेव्हाच ते हात आखडता घेते. वर्धिष्णू समजुतीच्या मुलाला तेच गणित अजून काय शिकायचे राहिले आहे एवढेच सांगते.

या दोन्ही समजुती मराठी भाषेने जतन केल्या आहेत. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’ आणि ‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ या म्हणी पहिल्या बाजूच्या. ‘प्रयत्नांती परमेश्वर’ आणि ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ या दुसऱ्या बाजूच्या. मूल कोणती म्हण कोणत्या प्रसंगी ऐकते, यावर बरेच काही अवलंबून असते. दुसऱ्या बाजूच्या म्हणी भिंतीवरील सुविचारात लिहिल्या जातात. पहिल्या बाजूच्या म्हणी मात्र निकालाच्या दिवशी, मुलासमोरच उच्चारल्या जातात.

एका अक्षराची शिक्षा

‘ढ’ या शब्दाचीही एक कथा सांगितली जाते. ब्राह्मी लिपीपासून आजच्या देवनागरीपर्यंत बहुतेक अक्षरांची वळणे पार बदलली. ‘ढ’ हे अक्षर मात्र जवळजवळ जसेच्या तसे राहिले. म्हणून ज्याच्यात काही बदल होत नाही तो ‘ढ’, अशी ही लोकप्रिय उपपत्ती आहे. शब्दाच्या व्युत्पत्तीचा पुरावा म्हणून ती कितपत टिकेल हा भाग वेगळा. पण अक्षराविषयीचे निरीक्षण खरे आहे. जुन्नर तालुक्यातील नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील शिलालेख आहे. त्यातील अंकचिन्हे भारतातील सर्वांत जुन्या अंकचिन्हांत गणली जातात. जुन्नरभोवतीच्या लेण्यांतूनही ब्राह्मी लेख विखुरलेले आहेत. बदल न होणे हाच ज्या शब्दाचा आशय मानला जातो, तो शब्द सात-आठ वर्षांच्या मुलाला चिकटवणे म्हणजे स्थिर समजुतीची दीक्षा देणेच होय.

प्रयोगांतून काय दिसले

कोलंबिया विद्यापीठातील क्लॉडिया म्यूलर आणि ड्वेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग या विषयात सर्वाधिक उद्धृत केले जातात. पाचवीच्या मुलांना आकृत्यांची काही कोडी सोडविण्यास दिली गेली. सर्वांनाच ‘चांगले गुण मिळाले’ असे सांगण्यात आले. त्यानंतर काहींच्या बुद्धीची आणि काहींच्या मेहनतीची प्रशंसा करण्यात आली. फरक फक्त एका वाक्याचा होता. पुढे कोणते काम आवडेल असे विचारल्यावर बुद्धीची स्तुती झालेल्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश मुलांनी आपली हुशारी टिकून दिसेल असे काम निवडले. मेहनतीची स्तुती झालेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुलांनी नवे शिकायला मिळेल असे काम पसंत केले.

यानंतर मुद्दाम कठीण कोडी देऊन सर्वांना अपयशाचा अनुभव दिला गेला आणि पुन्हा पहिल्याइतकीच सोपी कोडी आली. बुद्धीची स्तुती झालेल्यांची कामगिरी पहिल्यापेक्षा खालावली, मेहनतीची स्तुती झालेल्यांची सुधारली. आपले गुण दुसऱ्या शाळेतील मुलांना कळविण्यास सांगितले असता बुद्धीची स्तुती झालेल्यांपैकी ३८ टक्के मुलांनी ते फुगवून सांगितले. मेहनतीची स्तुती झालेल्या गटात हे प्रमाण १३ टक्के होते. तात्पर्य, ‘किती हुशार आहेस’ ही शाबासकीदेखील मुलाला ‘ढ’ ठरण्याच्या भीतीत ढकलू शकते. शिक्षेइतकाच स्तुतीचाही विचार करावा लागतो, हा या प्रयोगाचा अनपेक्षित धडा आहे.

लिसा ब्लॅकवेल, काली त्रझेस्नियेव्स्की आणि ड्वेक यांनी न्यूयॉर्कमधील सातवीच्या ३७३ विद्यार्थ्यांचा दोन वर्षे मागोवा घेतला. त्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. बुद्धी वाढू शकते असे मानणाऱ्यांचे गणितातील गुण वाढत गेले आणि ती स्थिर मानणाऱ्यांचे जागीच राहिले. याच अभ्यासाच्या दुसऱ्या भागात काही विद्यार्थ्यांना आठ तासिकांतून मेंदू शिकताना कसा बदलतो, हे समजावून देण्यात आले. दुसऱ्या गटाला केवळ अभ्यासकौशल्ये शिकविली गेली. केवळ कौशल्ये शिकलेल्यांच्या गुणांची घसरण चालूच राहिली. मेंदूविषयी शिकलेल्यांची मात्र थांबली.

मोजपट्टीचा मूळ हेतू

बुद्धी मोजण्याची पहिली व्यवहार्य चाचणी फ्रान्समधील आल्फ्रेड बिने यांनी थिओडोर सिमाँ यांच्यासह १९०५ मध्ये तयार केली. तिचा हेतू मुलांना कायमचे क्रमांक देण्याचा नव्हता. शाळेत मागे पडणारी कोणती मुले वेगळ्या शिकवणीस पात्र आहेत, हे ओळखण्यासाठी ती होती. बुद्धी ही न वाढणारी ठेव आहे या मताला बिने यांनी १९०९ च्या ग्रंथात स्पष्ट विरोध केला आणि लक्ष, स्मरण व विचार यांच्या व्यायामांचा पुरस्कार केला. पुढे मोजपट्टी सर्वत्र गेली, हा हेतू मात्र मागे पडला. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ही चाचणी कानडी आणि मराठी मुलांसाठी अनुकूल करून घेतली. त्यांचा यावरील इंग्रजी ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला.

पुण्यात डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली. बुद्धिमान मुलांची निवड आणि विकास हे तिचे आरंभीचे कार्यक्षेत्र होते. तेथील मानसशास्त्र विभागाने गिलफर्ड यांच्या सिद्धान्तावर आधारित चाचण्या मराठीत विकसित केल्या. या सिद्धान्तात बुद्धी हा एकच आकडा नसून अनेक स्वतंत्र क्षमतांचा समूह असतो. ‘हुशार की ढ’ हा प्रश्नच त्यामुळे अपुरा ठरतो. कशात पुढे आणि कशात मागे, हा खरा प्रश्न आहे.

‘बुद्धिमत्ता’ नावाचा पेपर

महाराष्ट्रातील घराघरांत बुद्धिमत्ता हा शब्द पोहोचला तो मात्र मानसशास्त्रामुळे नव्हे, तर शिष्यवृत्ती परीक्षेमुळे. ही परीक्षा अनेक दशके चौथी आणि सातवीच्या वर्गांसाठी होत असे. भाषा, गणित आणि बुद्धिमत्ता चाचणी हे तिचे तीन आधार. २०१७ मध्ये ती पाचवी आणि आठवीला नेण्यात आली, तरी बुद्धिमत्ता चाचणीचे स्थान कायम राहिले. आठवीतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठीच्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षेत बौद्धिक क्षमता चाचणी असते. शिरूर तालुक्यातील पिंपळे जगताप येथे जिल्ह्याचे जवाहर नवोदय विद्यालय आहे. तेथील सहावीच्या प्रवेश परीक्षेतही गुणांचा निम्मा वाटा मानसिक क्षमतेच्या प्रश्नांचा राहिला आहे.

संख्यामालिका, विसंगत पद, सांकेतिक भाषा, आरशातील प्रतिमा, वेन आकृत्या असे हे प्रश्न असतात. त्यांसाठी मार्गदर्शके निघतात, सराव प्रश्नसंच सोडवले जातात, शाळेत जादा तास होतात. ‘बुद्धी उपजतच असावी लागते’ असे मानणारे पालकही बुद्धिमत्तेचे पुस्तक विकत घेतात आणि सरावाने गुण वाढल्याचे पाहतात. बोलण्यात स्थिर समजूत आणि वागण्यात वर्धिष्णू, अशी ही गंमत आहे. अर्थात, सरावाने वाढते ती त्या विशिष्ट प्रश्नप्रकारांची सवय. एकूण विचारशक्ती तेवढ्याच प्रमाणात वाढली असे म्हणता येत नाही. पण याची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. ज्या मुलाने आरशातील प्रतिमेचा प्रश्न परीक्षागृहातच प्रथम पाहिला, त्याचे कमी गुण बुद्धीचे नसून सरावाचे माप असते. गुणपत्रिकेवर मात्र ‘बुद्धिमत्ता’ या शब्दापुढेच ते छापले जातात. दहा वर्षांच्या मुलाने त्याचा अर्थ काय घ्यावा?

डोंगर आणि बागायत

हा प्रश्न जुन्नर आणि आंबेगावात विशेष धारदार होतो, कारण या तालुक्यांचे दोन स्पष्ट भाग पडतात. कुकडी, मीना आणि घोड नद्यांवरील धरणांच्या पाण्यावर पूर्वेकडील पट्टा ऊस, कांदा, टोमॅटो आणि द्राक्षांनी बागायती झाला. मंचर, नारायणगाव, आळेफाटा ही गावे बाजारपेठा बनली आणि तेथे खासगी शिकवण्याही आल्या. धरणांच्या वरच्या बाजूचा पश्चिम भाग पावसाच्या भातावर आणि हिरड्यासारख्या वनोपजावर जगतो. महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी समाजाची वस्ती येथे आहे. या भागातील आश्रमशाळांचा कारभार घोडेगाव येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडून पाहिला जातो.

पश्चिमेकडील अनेक कुटुंबे भाताचा हंगाम संपल्यावर मजुरीसाठी बागायती पट्ट्यात उतरतात. मुलाची शाळा त्या काळात तुटते. गणितासारख्या विषयात एक पायरी निसटली की पुढच्या सर्व पायऱ्या डळमळतात. अपूर्णांक बुडाले तर शेकडेवारी समजत नाही. घरची बोली आणि पुस्तकाची मराठी यांतही अंतर असते. उत्तर ठाऊक असूनही ते ‘पुस्तकी’ शब्दांत सांगता न आल्याने मूल गप्प राहते. अशा वेळी बुडलेला धडा आणि वेगळी बोली ही दोन्ही कारणे नजरेआड होतात आणि उरतो तो ‘याच्या डोक्यात शिरत नाही’ हा निष्कर्ष. मुलाने तो एकदा स्वीकारला की पुढचा धडा चुकण्यासाठी स्थलांतराचीही गरज राहत नाही. वर्गात हजर असूनही ते गैरहजर असते.

चिलीतील दहावीच्या सुमारे १,६८,००० विद्यार्थ्यांच्या पाहणीवर आधारित अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. गरीब कुटुंबांतील मुलांमध्ये स्थिर समजूत अधिक प्रमाणात आढळली. मात्र ज्या गरीब मुलांची समजूत वर्धिष्णू होती, त्यांचे गुण बरेच वरचे होते. सर्वांत कमी उत्पन्नाच्या गटातील अशी मुले कितीतरी अधिक उत्पन्न गटातील, पण स्थिर समजुतीच्या मुलांच्या बरोबरीने होती. हा परस्परसंबंध आहे, कार्यकारणाचा अंतिम पुरावा नव्हे; तरीही डोंगरभागातील शाळांनी त्याची दखल घ्यावी असा तो आहे.

ओळखीचे ओझे

मुलाची समजूत केवळ त्याच्या स्वतःच्या गुणांवरून बनत नाही. आपल्या समाजाविषयी जग काय मानते, हेही त्याला ठाऊक असते. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील ग्रामीण भागात सहावी-सातवीच्या मुलांवर केलेला प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. उच्च आणि निम्न मानल्या गेलेल्या जातींतील मुलांना कागदावरील चक्रव्यूहाची कोडी सोडवायची होती आणि प्रत्येक कोड्यामागे पैसे मिळणार होते. जातीचा उल्लेख नसताना दोन्ही गटांच्या कामगिरीत लक्षणीय फरक नव्हता. सर्वांसमक्ष नाव आणि जात पुकारल्यावर निम्न मानल्या गेलेल्या जातींतील मुलांची कामगिरी लक्षणीयरीत्या घसरली. मुले तीच, कोडी तीच. बदलली ती केवळ उघड झालेली ओळख. वर्गात शिष्यवृत्तीच्या याद्या जातवार वाचून दाखवताना किंवा ‘आश्रमशाळेची मुले’ असा सरसकट उल्लेख करताना हा प्रयोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

दाव्यांच्या मर्यादा

या संशोधनाचा गवगवा झाला तसे अतिरंजित दावेही झाले. पुढील मोठ्या अभ्यासांनी त्यांना आवर घातला. व्हिक्टोरिया सिस्क आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. समजूत आणि गुण यांतील सरासरी संबंध क्षीण असल्याचे त्यांना आढळले. मात्र मागे पडलेल्या किंवा गरीब मुलांना अशा उपक्रमांचा लाभ होऊ शकतो, अशी चिन्हे त्यांनाही दिसली. इंग्लंडमधील १०१ शाळांत झालेल्या चाचणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यात सरासरी गुणांत अधिकची प्रगती दिसली नाही. त्याच वर्षी डेव्हिड यीगर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ६५ शाळांतील नववीच्या सुमारे १२,००० विद्यार्थ्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. तासाभराहून कमी वेळाच्या संगणकीय पाठाने कमी गुणांच्या विद्यार्थ्यांची सरासरी चार गुणांच्या श्रेणीत ०.१ ने वाढली. वाढ लहान, पण खरी होती. आव्हान स्वीकारण्याला जेथे सवंगड्यांत मान होता, त्या शाळांत ती अधिक दिसली.

याचा अर्थ असा की समजूत हे बी आहे; जमीन आणि पाणी शाळेने द्यायचे असते. शिक्षकांची पदे रिक्त असतील, वसतिगृहात अभ्यासाला उजेड नसेल, तर ‘प्रयत्न कर, जमेल’ हा उपदेश मुलावरच दोष ढकलणारा ठरतो. खुद्द ड्वेक यांनीही २०१५ मध्ये असा इशारा दिला होता की, शिकणे होत नसताना केवळ मेहनतीची वाहवा करणे म्हणजे या कल्पनेचा विपर्यास आहे.

शिकवण बदलली की काय घडते, याचे उदाहरण मुंबईत आहे. ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘बालसखी’ उपक्रमात मागे पडलेल्या मुलांना त्यांच्या प्रत्यक्ष पातळीपासून शिकविले गेले. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी मुंबई व वडोदरा येथे त्याचे मूल्यमापन केले, ते २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्वाधिक प्रगती तळाच्या मुलांची होती. आंबेगावच्या शेजारच्या शिरूर तालुक्यात पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेल्या ग्रामीण तरुणांनाही तेथे हाताने काम करीत तंत्रज्ञान शिकविण्याची परंपरा आहे. पुस्तकात न रमलेले डोके जोडकामात आणि मोजमापात रमते, हे तेथे दिसत आले आहे.

घरी आणि वर्गात

संशोधनाचे सार रोजच्या व्यवहारात आणण्यासाठी फार खर्च लागत नाही. स्तुती करताना मुलाच्या कृतीवर बोट ठेवावे. ‘हुशार आहेस’ याऐवजी ‘दुसऱ्या रीतीने करून पाहिलेस म्हणून सुटले’ असे सांगितले की पुढच्या वेळी काय करायचे, ते मुलाला कळते. ‘जमत नाही’ या वाक्यात ‘अजून’ हा शब्द घातल्याने अर्थ बदलतो. मात्र त्यापाठोपाठ पुढची पायरीही दाखवावी लागते. चुकीचे उत्तर पुसून टाकण्यापूर्वी ते कोणत्या विचारातून आले, हे विचारावे. भावंडांशी आणि शेजारच्या मुलाशी तुलना टाळून मुलाची तुलना त्याच्याच गेल्या महिन्याच्या वहीशी करावी.

राज्यात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात वर्णनात्मक नोंदींना स्थान मिळाले. ‘गणितात कच्चा’ या नोंदीतून काहीच हाती लागत नाही. ‘हातच्याची बेरीज येते, वजाबाकीत हातचा विसरतो’ ही नोंद मुलाला, पालकांना आणि पुढच्या वर्गशिक्षकाला उपयोगी पडते. शिष्यवृत्तीचे प्रश्नप्रकार निवडक मुलांना न देता संपूर्ण वर्गाला परिचयाचे करून देणे, हाही सोपा उपाय आहे. खोडद येथील महाकाय मीटरलहरी दुर्बिणीच्या परिसरात विज्ञान दिनानिमित्त विद्यार्थ्यांची प्रदर्शने भरत आली आहेत. अशा ठिकाणी पाठवायची मुले ‘पहिल्या पाचां’तूनच निवडण्याची गरज नाही.

बुद्धीवर अनुवंशाचा काहीच प्रभाव नाही, असे हे संशोधन सांगत नाही. सर्व मुले समान गतीने शिकतील, असेही नाही. एवढेच सिद्ध झाले आहे की, आज कोण कुठे आहे यावरून तो उद्या कुठे असेल, हे ठरत नाही. आणि ते ठरले आहे असे मुलाला पटले, तर ते भाकीत खरे करून दाखविण्यास ते स्वतःच हातभार लावते. आडात पाणी किती आहे, हे पोहरा सोडल्याखेरीज कळत नाही. मुलाच्या हाती दोर देणे आणि तो पुरेसा लांब असेल हे पाहणे, ही जबाबदारी मात्र मोठ्यांची आहे.